बखरीला खोटी म्हणण्याआधी

'बखरीत काय हो, काहीही लिहिलेले असते!' हे वाक्य हल्ली फार ऐकू येते. म्हणणाऱ्याने बहुधा एकही बखर उघडलेली नसते. गंमत म्हणजे हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी त्याच बखरीतले एक वाक्य मोबाईलवर पाठवतो आणि खाली लिहितो, 'घ्या पुरावा!' या दोन्ही सवयींचा मला मनापासून राग आहे.

नेसरीचेच घ्या. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गडहिंग्लज तालुक्यातले गाव. फेब्रुवारी 1674 मध्ये सरनोबत प्रतापराव गुजर तिथे पडले. सात वीरांची ती गोष्ट कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लताबाईंच्या गाण्याने घराघरांत गेली. आता शहाणी मंडळी म्हणतात, सात माणसे फौजेवर कशी जातील? ही बखरकारांची भाकडकथा!

अहो, सभासदाची बखर उघडा तरी. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या काळात वावरलेला माणूस. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने जिंजीत ती लिहिली, महाराजांच्या निधनाला वीस वर्षेही झाली नव्हती. त्यात बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी लावलेला बोल आहे, पुढे प्रतापराव लष्कर घेऊन गेल्याचे आहे, मोठे युद्ध आहे. सात हा आकडा मात्र नाही! तो येतो कुठून, तर मुंबईकर इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याच्या एप्रिल 1674 च्या पत्रातून. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, मागच्या फौजेची मदत पोहोचली नाही, असा त्याचा मजकूर. म्हणजे ज्याला बखरीची थाप म्हणून हसता, ते निघाले त्याच वर्षीच्या पत्रातले. आणि फौज होती, हे दोघेही सांगतात.

बखरीत अतिशयोक्ती नाही असे मी म्हणत नाही. सभासद राज्याभिषेकाचे सिंहासन बत्तीस मण सोन्याचे सांगतो. आकडे फुगवणे ही दरबारी गद्याची रीतच. समोर राजा बसलेला, त्याला वडिलांचे वैभव ऐकवायचे. पण तोच सभासद गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी ठेवण्याची व्यवस्था सांगतो. जमीन मोजायची काठी किती हाताची, पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारात कसे, हेही सांगतो. हे काय करमणुकीसाठी लिहिले? मुलाला बापाचे राज्य कसे चालत होते ते समजावे म्हणून लिहिले. सिंहासनावर सगळे भांडतात, शेतसाऱ्याचे पान कोणी वाचत नाही!

राजवाड्यांनी बखरींवर कडक टीका केली, एका अस्सल कागदापुढे त्या टिकत नाहीत अशा अर्थाची. त्यांना ते शोभले. त्यांनी दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली. आपण काय धुंडाळले? त्यांच्याही आधी, 1878 पासून, काशीनाथ नारायण साने आणि मंडळींनी 'काव्येतिहाससंग्रहा'त जुने कागद आणि बखरी छापायला घेतल्या, म्हणून तर आपल्या हाती काही लागले.

आता उलटी बाजू. मल्हार रामराव चिटणीसाने 1810 च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींसाठी बखर लिहिली. संभाजी महाराजांना जाऊन सव्वाशे वर्षे होत आली होती. शिवाय त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजी महाराजांनीच देहदंड दिलेला. अशा लेखकाने रंगवलेले संभाजी महाराज काळे दिसले तर नवल काय? नवल याचे, की पुढे दीडशे वर्षे नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी तेच चित्र गिरवले. 1960 मध्ये वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ आला, 1971 मध्ये कमल गोखल्यांचा, तेव्हा कुठे ते पुसायला लागले. आम्ही कोल्हापूरकरांनी तर ही बखर ताराबाईंसाठीही जपून वाचावी. साताऱ्याच्या मिठाला जागणारा माणूस करवीरच्या गादीबद्दल लिहितो आहे, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

म्हणून सभासद आणि चिटणीस यांना एकाच पोत्यात घालू नका. कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून, घटनेनंतर किती वर्षांनी, हे तीन प्रश्न आठवीतला मुलगासुद्धा विचारू शकतो. मी वर्गात विचारायला लावत असे. मुले चिटणीसाला बरोबर पकडत!

पाठ्यपुस्तकात मात्र बखर येते ती एखाद्या उताऱ्यापुरती, कठीण शब्दांच्या अर्थांसह. 'भाऊसाहेबांची बखर' सबंध वाचलेले मराठीचे पदवीधर मला अलीकडे फारसे भेटले नाहीत. पानिपताचे दुःख इतक्या रोखठोक मराठीत क्वचितच कोणी मांडले असेल. वाक्ये लहान, क्रियापद नेमके, मध्येच फारसी शब्दाची फोडणी. आमच्या वर्तमानपत्री मराठीपेक्षा शंभरपट जिवंत.

सभासदाची बखर म्हणजे तर लहानसे पुस्तक. दोन दुपारींत वाचून होते. वाचा, आणि मग या माझ्याशी भांडायला.