विमान परवडते, उड्डाण परवडते का?

१७ फेब्रुवारी २०१४ची पहाट. आदिस अबाबाहून रोमला निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे एक विमान, आत दोनशेच्या आसपास माणसे, अचानक स्वित्झर्लंडच्या दिशेने वळले. मुख्य वैमानिक प्रसाधनगृहात गेल्याची संधी साधून सहवैमानिकानेच कॉकपिटचे दार आतून लावून घेतले होते. इटलीची लढाऊ विमाने त्याच्यामागे धावली, पुढे फ्रान्सच्या विमानांनी सोबत केली आणि सकाळी सहाच्या सुमारास ते जिनिव्हाला सुखरूप उतरले. ज्या देशात ते उतरले, त्या स्वित्झर्लंडचे एकही लढाऊ विमान मात्र जागचे हलले नाही. कारण? स्विस हवाई दलाचे कामकाज सकाळी आठला सुरू होत असे! आठ ते बारा, मग जेवणाची सुट्टी, पुन्हा दीड ते पाच.

या बातमीवर सारे जग हसले. उभी हयात बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माझ्यासारख्याला तर त्यात आपलेपणाच वाटला. पण हसून झाल्यावर ध्यानात येते ते असे की, स्वित्झर्लंडकडे विमाने होती. अमेरिकी बनावटीची एफ-१८ विमाने तळावर उभी होती. नव्हती ती माणसे, आणि ती विमाने रात्रंदिवस सज्ज ठेवण्यासाठी लागणारा पैसा. चोवीस तासांची सज्जता यायला २०२० साल उजाडावे लागले.

निवृत्त बँक अधिकाऱ्याने लढाऊ विमानांवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, छोट्या देशाचे हवाई दल हे युद्धशास्त्राचे प्रकरण असण्याआधी कर्जखात्याचे प्रकरण असते. मराठवाड्यातल्या एका शाखेत असताना ट्रॅक्टरच्या कर्जाचे अर्ज माझ्याकडे येत. मी विचारी, ‘पाटील, हप्ता ठीक आहे, पण डिझेलचे, टायरचे, दुरुस्तीचे पैसे कुठून आणणार?’ उत्तर ठरलेले असे. ‘साहेब, आधी ट्रॅक्टर तर दारात येऊ द्या!’ असे कितीतरी ट्रॅक्टर पुढे दारातच उभे राहिलेले मी पाहिले. त्यांच्यावर कोंबड्या बसत. ट्रॅक्टर घ्यायला भांडवल लागते आणि चालवायला खेळते भांडवल लागते, हा धडा देशांनाही चुकत नाही.

स्वित्झर्लंडचेच पुढचे पाहू. त्या अपहरणानंतर तीनच महिन्यांनी, १८ मे २०१४ रोजी, तिथे सार्वमत झाले. स्वीडनची २२ ग्रिपेन विमाने ३.१ अब्ज फ्रँकला घ्यावीत का, असा प्रश्न होता. ५३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘नको’ म्हटले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पुन्हा विचारले, या वेळी ६ अब्ज फ्रँकसाठी. ५०.१ टक्क्यांनी होकार मिळाला. फरक नऊ हजार मतांचाही नव्हता. त्या कौलावर ३६ एफ-३५ विमाने ठरली, आणि ३० वर्षे ती वापरण्याचा खर्च धरून एकूण आकडा सुमारे १५.५ अब्ज फ्रँक होईल, असे खुद्द सरकारने सांगितले. म्हणजे विमानाच्या किमतीच्या सुमारे दीडपट रक्कम नंतर ते सांभाळण्यात जाणार. बरे, ती किंमत तरी पक्की का? स्विस सरकार ‘पक्की किंमत’ असे सांगत आले होते. २०२५ मध्ये अमेरिकेने कळवले की तसे नाही, आणखी ६५ कोटी ते १.३ अब्ज फ्रँक लागू शकतात. करारातला प्रत्येक शब्द पारखून घेणारा हा सावकारांचा देश. त्याची ही गत!

चेक प्रजासत्ताकाने निराळा मार्ग धरला. त्यांना २४ ग्रिपेन विकत घ्यायची होती. पण ऑगस्ट २००२ मध्ये महापूर आला, प्राग शहर पाण्यात गेले आणि विमानांच्या खरेदीचा विचार सरकारला सोडावा लागला. आधी घरे उभी करायची की विमाने, असा तो सरळ प्रश्न होता. पुढे २००४ मध्ये त्यांनी १४ ग्रिपेन दहा वर्षांच्या भाडेकरारावर घेतली आणि नंतर त्या कराराची मुदत वाढवत नेली. भाड्याच्या घरात राहण्याला आपल्याकडे कमीपणा मानतात. पण त्या भाडेकराराने चेक जनतेच्या आकाशावर वीस वर्षे पहारा दिला. २०२४च्या जानेवारीत त्यांनी २४ एफ-३५ घेण्याचा करार केला. तोही शांतपणे, भाड्याची विमाने हाताशी असताना.

याच्या उलट बल्गेरिया. २०१९ मध्ये आठ एफ-१६ विमानांसाठी त्या गरीब देशाने सव्वा अब्ज डॉलरच्या आसपासची सगळी रक्कम एकदम आगाऊ मोजली. विमाने मात्र ठरल्या वेळेला आली नाहीत. पहिले उतरले ते एप्रिल २०२५ मध्ये. मधल्या काळात सोव्हिएत काळातल्या मिग-२९ विमानांवरच दिवस काढावे लागले. सगळे पैसे आधी घेऊन माल सहा वर्षांनी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावे आमच्या शाखेत कोणी डिमांड ड्राफ्ट काढायला आला असता, तर आम्ही त्याला खुर्ची देऊन, पाणी पाजून, चार गोष्टी सांगितल्या असत्या.

न्यूझीलंडने तर दुकानच बंद केले. आधीच्या सरकारने २८ एफ-१६ विमाने भाड्याने घेण्याचे १९९९ मध्ये ठरवले होते. ही विमाने मूळची पाकिस्तानसाठी बांधलेली. १९९० मध्ये अणुकार्यक्रमावरून अमेरिकेने निर्बंध घातले आणि ती अमेरिकेतच अडकून पडली. पाकिस्तानने पैसे भरले होते; त्याची भरपाई पुढे काही रोख आणि काही गहू व इतर मालाच्या रूपाने झाली! हेलन क्लार्क पंतप्रधान झाल्यावर त्यांनी हा करार २००० मध्ये मोडला आणि २००१ मध्ये लढाऊ तुकड्याच बरखास्त केल्या. स्कायहॉक विमाने विकायला काढली, तर दहा वर्षे गिऱ्हाईक मिळेना. अखेर २०१२ मध्ये आठ विमाने एका अमेरिकी खासगी कंपनीने घेतली, उरलेली बहुतेक संग्रहालयांत गेली. जप्त केलेला माल विकण्याचा अनुभव असलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

न्यूझीलंडवर तेव्हा टीका झाली, नाराज वैमानिक परदेशी हवाई दलांत गेले. पण त्या देशाने स्वतःला एक प्रश्न विचारला होता, ‘आम्हाला खरोखर कशाची गरज आहे?’ भोवती अफाट समुद्र, जवळ शत्रू नाही. तेव्हा सागरी टेहळणीची आणि मालवाहतुकीची विमाने ठेवावीत, हे त्याचे उत्तर. त्या उत्तराला तो देश चिकटून राहिला. अलीकडे त्याने चार पी-८ टेहळणी विमाने आणि पाच नवी हर्क्युलिस घेतली; लढाऊ एकही नाही.

मात्र हे उत्तर सर्वांना लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. फिलिपाइन्सची जुनी एफ-५ विमाने २००५ मध्ये निवृत्त झाली आणि पुढली दहा वर्षे त्या देशाकडे एकही लढाऊ जेट नव्हते. विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय नव्हता, ते नुसते पुढे ढकलणे होते. मधेच २०१२ मध्ये स्कारबरो शोलवरून चीनशी तणाव निर्माण झाला आणि त्या खडकांचा ताबा हातचा गेला. चार-दोन विमानांनी तो वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण शेजारी कोण आहे हे न पाहता घराचे दार उघडे टाकणे वेगळे, आणि नीट विचार करून दार न बसवणे वेगळे. २०१५ मध्ये दक्षिण कोरियाची पहिली दोन एफए-५० विमाने तिथे पोहोचली, पुढे ती बारा झाली.

या सगळ्या हिशेबात एक रकाना असा आहे, जो कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. तो म्हणजे विमानात बसणारा मुलगा किंवा मुलगी. वैमानिकाचा हात वर्षभर चालता राहावा लागतो. नाटोने त्यासाठी वर्षाला सुमारे १८० तासांचा दंडक घातला आहे. पैसा कमी पडला की पहिली कात्री लागते ती याच तासांना, कारण ती कोणाला दिसत नाही. विमान संचलनात चमकते, तास चमकत नाहीत.

शेजारच्या बांगलादेशाचे एफ-७ विमान २१ जुलै २०२५ रोजी ढाक्याच्या उत्तरा भागातल्या शाळेवर कोसळले. तिसाहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. तरुण वैमानिकही गेला. चौकशीत ठपका वैमानिकाच्या चुकीवर आला. तो मान्य केला तरी प्रश्न उरतोच. सरावाची उड्डाणे दाट वस्तीच्या राजधानीवरून का होत होती? एफ-७ हे मिग-२१चेच चिनी भावंड. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ज्या मिगची बांधणी झाली, त्या घराण्यातले. आपल्या हवाई दलाने शेवटची मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त केली, तीही बासष्ट वर्षांनी. विमान बदलायला उशीर झाला की काय होते, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांना भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोमुळे रोज आठवते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. खरेदी, भाडे, की काहीच नको, यांतला कोणताही मार्ग छोट्या देशाला प्रतिष्ठेने चालता येतो. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया या तीन देशांच्या आकाशाची राखण २००४ पासून नाटोची मित्रराष्ट्रे पाळीपाळीने करतात. त्यात त्यांना लाज वाटत नाही. न परवडणारा मार्ग एकच, काहीच न ठरवण्याचा. जुने विमान ‘आणखी एक वर्ष’ वापरायचे, तास कापायचे आणि नव्याची घोषणा दर निवडणुकीला करायची. बँकेत आम्ही याला खाते थकीत होऊ नये म्हणून केलेली फिरवाफिरवी म्हणत असू. पैशाचे खाते बुडाले तर वसुलीचा दावा तरी लावता येतो.

स्विस लोकांना मी हसलो खरा, पण एका गोष्टीत त्यांना मानले पाहिजे. विमान कशासाठी, ते केवढ्याला आणि पुढची तीस वर्षे त्याला काय लागेल, हे त्यांनी आपल्या जनतेसमोर उघड्या कागदावर मांडले. कागद चुकला तर आज तिथला साधा नागरिकही सरकारला जाब विचारू शकतो. कोणत्याही देशाच्या संसदेने विमानखरेदीच्या ठरावाला हात वर करण्यापूर्वी तेवढे तीन आकडे फळ्यावर लिहून मागावेत. ज्यांची मुले ती विमाने उडवणार आहेत, त्यांचा तेवढा हक्क आहे.