घोणस शिरूरची, विष तामिळनाडूचं

सर्पदंशावरच्या प्रतिविषाची, म्हणजे दवाखान्यात ज्याला एएसव्ही म्हणतात त्याची, कुपी उचलून पाहा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवर ते चालतं असं त्यावर लिहिलेलं असतं. चारही पुणे जिल्ह्यात आहेत. प्रतिविष बनवणारेही इथेच आहेत: हाफकिनचे घोडे पिंपरीत, प्रीमियम सीरम्सचा कारखाना नारायणगावात. फक्त जिथून हे सगळं सुरू होतं ते विष इथलं नाही. देशाला लागणारं बहुतांश विष चेन्नईजवळच्या वडनेम्मेलीची इरुळा सहकारी संस्था पुरवते. साप तिकडचे, तिकडच्या भातखाचरांतले.

हे इतकी वर्षं चालू देणं हा आपल्या राज्याचा निव्वळ आळस आहे.

विष काढणं म्हणजे जादू नव्हे. काचेच्या भांड्याच्या तोंडावर पातळ पडदा ताणून बांधतात, साप डोक्यामागे धरून त्याला पडद्यावर चावायला लावतात, विषग्रंथी हलक्या हाताने दाबतात. घोणस भरपूर विष देते. मण्यार इतकं थोडं देते की एक ग्रॅम जमवायला कितीतरी मण्यार लागतात. विष वाळवून त्याची पूड करतात, ती अगदी कमी मात्रेपासून चढत्या क्रमाने घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तातून प्रतिपिंडं वेगळी करतात. आता हिशेब बघा. प्रमाणानुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हायला हवं. कुपी १० मिलिलिटरची, सुरुवातीला द्यायच्या कुप्या १०, म्हणजे ६० मिलिग्रॅम. घोणशीच्या एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष जातं असं धरलेलं आहे. गणित आधीच काठावर, आणि तेही दोन्हीकडचं विष सारखं आहे असं मानून.

ते सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांचा गट हेच तपासतो. २०२१ साली त्यांनी दाखवलं की प्रदेश बदलला की घोणशीच्या विषाची घडण बदलते आणि काही ठिकाणी बाजारातलं प्रतिविष कमी पडतं. सिंध मण्यार तर कुपीवर नावालाही नाही. महाराष्ट्रात तिच्या दंशाने मज्जासंस्था आणि हृदय दोन्ही धोक्यात आल्याची नोंद २०१२ साली छापून आली आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो. एकाच यंत्रावर तपासलेला कोड देशभर चालेल असं आमच्याकडे कुणी म्हटलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतील.

किंमत कोण देतं? शिरूर-दौंडमध्ये भीमा, घोड आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. उसात उंदीर आले, उंदरांमागे घोणस. शेतीची वीज रात्रीची, म्हणून दारं धरायला माणूस अंधारात जातो. गळिताच्या हंगामात तोडणी कामगार कोप्यांत जमिनीवर झोपतात आणि मण्यार झोपलेल्या माणसालाच चावते. बिबट्याची बातमी होते, मंत्री येतात. सर्पदंशाची दोन ओळींची नोंद होते. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली.

मग विष इथेच काढा म्हटलं की चाकणचं उदाहरण तोंडावर फेकतात. २०१७ मध्ये तिथल्या एका सदनिकेत सत्तरएक नाग आणि घोणशी सापडल्या होत्या, विषाच्या चोरट्या धंद्यासाठी ठेवलेल्या. खरं आहे. पण सदनिकेत दारू गाळली म्हणून कुणी औषधांचे कारखाने बंद ठेवत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम १२ मध्ये जीवरक्षक औषधांसाठी विष काढायला परवानगीची सोय आहे. ती मागायची कुणी, एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पकडला, विष काढलं, सोडला, अशा पद्धतीत कोणतं विष कोणत्या सापाचं याचा माग राहत नाही. म्हणूनच मला सर्पमित्रांच्या हातात बाटली द्यायची नाही. (रील काढताना नागाच्या फण्याला पापी देणाऱ्यांना तर मुळीच नाही.) मला सर्पालय हवं आहे. प्रत्येक सापाची जात, कुठे सापडला, वजन, तब्येत यांची नोंद असलेलं, हाफकिनच्या ताब्यातलं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींतून, शिक्रापूरच्या घरांतून पकडलेले साप आज डोंगरात नेऊन सोडतात. त्यातले थोडे तिकडे जाऊ द्या.

आणि हात कुणाचे? इरुळा मूळचे सापाच्या कातडीसाठी शिकार करणारे. तो व्यापार बंद झाल्यावर १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची संस्था उभी राहिली आणि पकडायचं कसब औषधाच्या कामी आलं. आपल्याकडे गारुडी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्याच कायद्याने त्यांची टोपली काढून घेतली. बदल्यात त्यांच्या हाती काही दिलं नाही.