जुने धनी, नवा पाहुणा

नोकरीनिमित्त इंदुरास स्थायिक झालेल्या एका वाचक कुटुंबाने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. अन्नपूर्णा देवीच्या मंदिरावरून ज्या भागाला नाव पडले, त्या अन्नपूर्णा भागात त्यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. घरात दोन मांजरी कित्येक वर्षे सुखाने नांदत होत्या. मुलांनी पावसात भिजत पडलेले कुत्र्याचे एक पिल्लू उचलून आणले आणि घराची शांती गेली. धाकटी मांजर सारखी फिसकारते. थोरली तर दोन दिवस कपाटावरून खाली उतरलेली नाही आणि अन्नासही शिवलेली नाही. ‘पिल्लास पुन्हा रस्त्यावर सोडावे काय?’ असे ते विचारतात.

प्रथम तातडीचे सांगतो. मांजराने दोन दिवस अन्न टाकले तर तो रुसवा समजू नये; अशाने त्याचे यकृत बिघडते व प्राणावरही बेतू शकते. तिला आजच पशुवैद्यांकडे न्यावे. इंदुराजवळ महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या गावांच्या आसपासही सरकारी दवाखाने आहेत. त्याच खेपेस पिल्लूही तपासून घ्यावे, कारण रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर गोचिडी, पिसवा व जंत घरात येतात. आणि पिल्लास रस्त्यावर सोडणे हा तर उपाय नव्हेच. पाळलेल्या जनावरास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी आपली सद्सद्विवेकबुद्धी आपणांस स्वस्थ बसू देती ना.

खेड्यातील वाचक म्हणतील, आमच्या अंगणात कुत्रा असतो, चुलीपाशी मांजर असते. कोणी कोणाची ओळख करून देत नाही! खरे आहे. परंतु खेड्यातील घराला अंगण असते, पडवी असते, माळा असतो. मांजरास नकोसे झाले तर ते कौलांवर जाऊन बसते. शहरातील दोन खोल्यांत पळण्यास वाव नाही, म्हणून तेथे माणसाने व्यवस्था लावून द्यावी लागते.

कुत्र्यामांजराचे वैर जन्माचे, असे आपण म्हणतो. वास्तविक बरेचसे भांडण भाषेचे असते. कुत्रा मजेत आला की शेपूट हलवितो. मांजर शेपूट आपटू लागले तर ते चिडलेले असते. पिल्लू खेळावयास म्हणून धावत जाते, मांजरास तो हल्ला वाटतो. शिवाय कुत्र्याचा जीव माणसांत असतो, तर मांजराचा जागेत. आपला कोपरा, आपला वास, आपली वाट हेच त्याचे घर. त्यात अकस्मात परका शिरला, तर त्याच्या दृष्टीने घरच हिरावले गेले.

म्हणून पहिले काही दिवस पिल्लास एका खोलीत व मांजरींस दुसरीत ठेवावे. पिल्लाच्या अंगाखालचे फडके मांजरींच्या खोलीत व मांजरींचे पिल्लाच्या खोलीत ठेवावे, म्हणजे भेटीआधी वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस दोघांना एकाच वेळी जेवू घालावे. प्रारंभी ताटल्या दारापासून लांब ठेवाव्यात व रोज थोड्या जवळ आणाव्यात. परक्याचा वास आला की अन्न मिळते, हे दोघांच्याही मनात ठसते. दोघेही निर्धास्तपणे खाऊ लागले की समोरासमोर भेट घडवावी. तत्पूर्वी पिल्लास फिरवून, खेळवून दमवावे व गळ्यात पट्टा आणि दोरी घालावी. भेट पाच मिनिटांची पुरे. पिल्लू मांजरीवरून नजर काढून आपल्याकडे पाहील तेव्हा त्यास शाबासकी व घासभर खाऊ द्यावा.

मांजरीस उचलून पिल्लाच्या तोंडापुढे कधीही धरू नये. तिला उंचावर एक फळी मोकळी ठेवावी, जेथे पिल्लाचे तोंड पोहोचणार नाही. पाठलाग एकदाही होऊ देऊ नये, कारण कुत्र्यास त्याची गोडी लवकर लागते. पूर्ण भरवसा वाटेपर्यंत दोघांना एकटे सोडू नये. यास आठवडे लागतात, कधी महिनेही. क्वचित मैत्री होतच नाही, तेव्हा खोल्या वेगळ्या ठेवण्यात कमीपणा मानू नये.

रेबीजची लस पिल्लास तीन महिन्यांचे होताच द्यावी, मांजरींसही द्यावी. कोणास चावा किंवा ओरखडा लागल्यास हळद-तिखट न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व तत्काळ डॉक्टर गाठावा. ही लस माणसाला प्रथम १८८५ साली लुई पाश्चर यांनी एका नऊ वर्षांच्या मुलास दिली व तो वाचला. पाश्चर यांचा मृत्युदिन २८ सप्टेंबर हा रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, प्राणिमात्रांचे मित्र संत फ्रान्सिस आसिसीकर यांचा सण येतो. इंदूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल त्यांच्याच नावे आहे, हे आमच्या पत्रलेखकांस ठाऊक असेलच.

गुब्बियो गावच्या लांडग्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकली आहे. त्यात संत फ्रान्सिस लांडग्यास केवळ उपदेश करून परतत नाहीत. ते दोन्ही बाजूंस अटी घालून देतात: लांडग्याने कोणास इजा करू नये आणि गावाने त्यास रोज खाऊ घालावे. समेट टिकला तो गावाने आपली बाजू रोज पाळली म्हणून.

घरातही असेच आहे. मुलांनी पिल्लू आणले ते दयेपोटी. त्यांचे कौतुकच केले पाहिजे. मात्र त्या दयेचा भार मुक्या थोरलीने सोसावा हा न्याय नव्हे. जेवण प्रथम मांजरींना द्यावे, त्यांची निजण्याची जागा हलवू नये, मुलांनी त्यांच्याशी रोज पूर्वीसारखेच खेळावे. धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर शहाणी आई थोरल्याला आधी जवळ घेते, तशातलाच हा प्रकार आहे. पिल्लास फिरविण्याची व दार लावण्याची कामे मुलांनी आपसांत वाटून घ्यावीत, आणि शाळा सुरू झाल्यावर, परीक्षा आल्यावरही ती चुकवू नयेत.