नेत्याचं व्यंगचित्र फॉरवर्ड केलं तर गुन्हा होतो का?

समजा, तुम्ही शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये राहता. सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्यंगचित्र येतं. एका बाजूला आजचे पंतप्रधान, दुसऱ्या बाजूला जुने कुणी पंतप्रधान आणि खाली एक खोचक ओळ. निम्मा ग्रुप हसतो, निम्मा चिडतो. कुणीतरी लिहितं, 'ॲडमिन, हे काढा, नाहीतर तक्रार करीन.'

अशी तक्रार कितपत टिकते? याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. या विषयावरची बरीच महत्त्वाची प्रकरणं महाराष्ट्रातच घडली आहेत.

व्यंगचित्रकाराने उभा केलेला पक्ष

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये दोन तरुण व्यंगचित्रकार होते, आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे. लक्ष्मण पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'त गेले आणि चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन' घराघरात पोहोचला. ठाकरेंनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' सुरू केलं. त्याचं प्रकाशन तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झालं होतं. त्यानंतर 'मार्मिक'ने सत्ताधाऱ्यांनाच कुंचल्याचे फटकारे मारले आणि १९६६ मध्ये त्यातूनच शिवसेना उभी राहिली. अलीकडे राज ठाकरे यांनीही पंतप्रधान नरेंद्र मोदींवर अशी बोचरी व्यंगचित्रं फेसबुकवर टाकली.

पण सप्टेंबर २०२० मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, त्यांच्यावरचं व्यंगचित्र व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलं म्हणून मुंबईत नौदलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. ज्या पक्षाचा जन्म व्यंगचित्रातून झाला, त्याच्याच कार्यकर्त्यांना व्यंगचित्र सोसलं नाही. यात कुठलाही पक्ष अपवाद नाही. विरोधात असताना व्यंगचित्र ही 'अभिव्यक्ती' असते, सत्तेत आल्यावर तीच 'बदनामी' वाटू लागते.

व्यंगचित्र म्हणजे देशद्रोह?

सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत देशद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या काळात त्यांनी संसद आणि राष्ट्रीय चिन्हांवर व्यंगचित्रं काढली होती. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातल्या जनहित याचिकेवर निकाल दिला. त्या व्यंगचित्रांत विनोद किंवा उपरोध नाही, नुसता संताप आहे, असं न्यायालयाचं मत होतं. तरीही तेवढ्यावरून देशद्रोह ठरत नाही. त्यासाठी हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा हेतू लागतो, असं न्यायालयाने सांगितलं.

इथला मुद्दा महत्त्वाचा आहे. चित्र चांगलं आहे की वाईट, हे पोलिसांनी किंवा कोर्टाने ठरवायचंच नाही. फसलेल्या विनोदालाही तेवढंच संरक्षण आहे.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशद्रोहाच्या जुन्या कलमाच्या वापराला स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही. पण देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे.

नेता हयात नसेल तर?

खरा गुंता इथे सुरू होतो. शंकर यांनी १९४९ मध्ये एक व्यंगचित्र काढलं होतं. त्यात गोगलगायीच्या रूपात राज्यघटना होती, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते आणि मागे हातात चाबूक घेतलेले नेहरू होते. घटना तयार व्हायला उशीर होतोय, एवढाच त्याचा तेव्हाचा रोख. पुढे ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आलं आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

तोडफोडीचं समर्थन होऊ शकत नाही. पण चित्र तेच असताना त्याचा अर्थ का बदलला, हे समजून घ्यायला हवं. १९४९ मध्ये आंबेडकर हे टीकेला स्वतः उत्तर देऊ शकणारे मंत्री होते. २०१२ मध्ये ते कोट्यवधी लोकांच्या स्वाभिमानाचं प्रतीक आहेत आणि चाबकाचं चित्र त्या लोकांना पिढ्यान् पिढ्यांच्या अपमानाची आठवण करून देतं. आजच्या नेत्यावरचं व्यंगचित्र त्याच्या निर्णयावर बोलतं. दिवंगत नेत्यावरचं चित्र अनेकदा त्याला मानणाऱ्यांवरच बोलतंय, असं वाटतं.

कायद्यातही याची नोंद आहे. दिवंगत व्यक्तीवरच्या आरोपाने ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि तिच्या कुटुंबीयांना दुखावण्याचा हेतू त्यात असेल, तर तीही बदनामी ठरू शकते.

मग फॉरवर्ड करणाऱ्याचं काय?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर केलेल्या फेसबुक पोस्टमुळे पालघरच्या दोन तरुणींना झालेली अटक त्या याचिकेमागे होती. आज त्या कलमाखाली गुन्हा दाखल होऊ शकत नाही.

बदनामीचं कलम (न्याय संहितेचं ३५६) अदखलपात्र आहे, म्हणजे त्यात पोलीस थेट अटक करू शकत नाहीत. तक्रार सर्वसाधारणपणे बाधित व्यक्तीनेच कोर्टात करायची असते. लोकसेवकाच्या सार्वजनिक वागण्यावर सद्भावनेने मत मांडणं हा त्याला अपवाद आहे. मात्र चित्रातून धर्म किंवा जातीवरून तेढ वाढत असेल तर कलम १९६ आणि धार्मिक भावना जाणीवपूर्वक दुखावल्या असतील तर कलम २९९ लागू शकतं.

ग्रुप ॲडमिनला थोडा दिलासा आहे. सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असं नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं. पण स्वतः फॉरवर्ड करणाऱ्याला 'मी फक्त पुढे पाठवलं' ही सबब पुरत नाही. एस. व्ही. शेखर प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं.

पुढे काय?

आता अटकेशिवायही चित्र गायब करता येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी आणि ट्रम्प यांच्यावरच्या व्यंगचित्रानंतर तमिळ 'विकटन'ची अख्खी वेबसाइट ब्लॉक झाली. ते चित्र तात्पुरतं काढून साइट सुरू करावी, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये दिला.

तेव्हा त्या सकाळच्या ग्रुपवर विचारायचा प्रश्न एवढाच आहे : हे चित्र नेत्याच्या कारभारावर आहे की एखाद्या समाजावर? कारभारावर असेल, तर कायदा बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने आहे. चिडलेल्या निम्म्या ग्रुपला उत्तर द्यायचंच असेल, तर त्यांनीही दुसरं व्यंगचित्र टाकावं.