आग बॉयलरमध्ये, बंब गेटवर!

५ जूनला कुठल्याही केमिकल कंपनीच्या गेटवर जा. वृक्षारोपण चालू असतं. साहेब झारी धरून उभे, फोटोग्राफर तयार, आणि मागे चिमणीतून धूर! आपल्या मराठीत याला फार छान म्हण आहे : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

झाडं लावू नयेत असं मी म्हणत नाही. पण आपण इंजिनिअर होणार आहोत, तर जरा हिशोब करू. १ किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (४४ भागिले १२, बारावीची केमिस्ट्री!). साध्या दर्जाच्या कोळशात ४० टक्के कार्बन धरला तर १ टन कोळशामागे जवळजवळ दीड टन कार्बन डायऑक्साइड. एक मोठं झाड वर्षाला साधारण २० किलो शोषतं असं धरा. म्हणजे १ टन कोळशाला ७५ मोठी झाडं, तीही वर्षभर राबली पाहिजेत. बॉयलर मात्र तो कोळसा काही तासांत खातो. गेटवरच्या पन्नास रोपांनी काय होणार?

माझं गाव पाटस. तिथून सोलापूर रोडने थोडं पुढे गेलं की कुरकुंभ एमआयडीसी लागते. औषधांचे आणि स्पेशालिटी केमिकल्सचे कारखाने. गावाकडे या विषयावर दोनच पार्ट्या. एक म्हणते, बंद करा सगळं, विहिरी गेल्या, वासाने झोप नाही. दुसरी म्हणते, बंद केलं तर पोरांनी नोकरीला जायचं कुठे? दोघांचंही खरं आहे, म्हणून तर वाद मिटत नाही. मला वाटतं, तिसरं उत्तर देण्याचं काम आपलं आहे. कारखाना वाढला पाहिजे, पण त्याचा कार्बन वाढता कामा नये. हे जमतं का? बरंचसं जमतं, पण क्रम चुकवला नाही तर.

पहिली पायरी वाफेची. अशा बहुतेक प्लांटमध्ये रिॲक्टर तापवायला, डिस्टिलेशनला, ड्रायरला वाफच लागते. १ टन कोळशातून ढोबळमानाने ५ टन वाफ मिळते, म्हणजे प्रत्येक टन वाफेमागे सुमारे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड. आता ही वाफ जाते कुठे ते बघा. स्टीम ट्रॅप गळतो, व्हॉल्व्हवरचं लॅगिंग मेंटेनन्सला काढलं ते परत बसवलंच नाही, आणि वाफेचं झालेलं गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, सरळ गटारात! एनर्जी ऑडिटवाल्यांचा साधा नियम आहे : बॉयलरला जाणारं पाणी ६ अंशांनी गरम मिळालं की सुमारे १ टक्का इंधन वाचतं. २५ अंशांच्या पाण्याऐवजी ८५ अंशांचं मिळालं तर १० टक्के. यासाठी कुठलीही परदेशी टेक्नॉलॉजी लागत नाही. पाईप, पंप आणि लक्ष देणारा माणूस लागतो.

पण प्लेसमेंटला ‘युटिलिटी’ हा शब्द ऐकला की आपण नाक मुरडतो. सगळ्यांना डिझाईन पाहिजे, नाहीतर सरळ सॉफ्टवेअर! खरा कार्बन बॉयलर हाऊसमध्ये बसलाय, आणि तिथे जायला कोणी तयार नाही.

दुसरी पायरी केमिस्ट्रीची. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये ‘ॲटम इकॉनॉमी’ची कल्पना मांडली : आत टाकलेल्या मालापैकी किती वजन प्रॉडक्टमध्ये उतरतं? अनिसोलचं उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीत फिनॉल, कॉस्टिक आणि डायमिथाइल सल्फेट लागतं. त्यातले दोन्ही मिथाइल वापरले गेले तरी ५५ टक्केच वजन प्रॉडक्टमध्ये येतं, बाकी सोडियम सल्फेट आणि पाणी. तेच फिनॉल आणि मिथेनॉलची वाफ कॅटॅलिस्टवरून नेली तर ८६ टक्के, आणि उरतं ते फक्त पाणी. हा दुसरा मार्ग फक्त पुस्तकातला नाही, आपल्या कुरकुंभच्या क्लीन सायन्स कंपनीने तो धंद्यात उतरवला आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. म्हणजे कचरा कमी केला की नफा बुडतो, हे खोटं ठरलं. जो मीठ-कचरा तयारच झाला नाही, त्याचं पाणी आटवायला वाफ लागत नाही आणि तो कोणाच्या विहिरीतही उतरत नाही.

तिसरी पायरी इंधनाची, आणि इथे पाटस कामाला येतं. गावातच भीमा सहकारी साखर कारखाना आहे, सगळीकडे ऊस आहे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मी ‘बगॅस’ आधी शिकले आणि ‘चिपाड’ नंतर. वस्तू एकच! १ टन उसातून सुमारे ३०० किलो ओलं बगॅस निघतं. त्यातला कार्बन उसाने गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला, कोळशासारखा कोट्यवधी वर्षं गाडलेला नाही. इथेनॉलचंही तसंच. कुरकुंभलाच अल्काइल अमाइन्सचा प्लांट आहे, आणि इथिल अमाइन बनवायला इथेनॉल आणि अमोनिया लागतो. मळीपासूनचं इथेनॉल वापरलं तर त्यातला एक कच्चा माल शेतातला.

पण हुरळून जायला नको. ऊस पाणी पितो, आणि दौंड तालुक्यात कालव्याच्या आवर्तनावरून काय होतं ते सांगायला नको. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. बगॅसही गळीत हंगामात मुबलक, नंतर महाग, आणि कारखाना ते आधी स्वतःच जाळतो. म्हणून इंधन बदलणं ही तिसरी पायरी, पहिली नाही. गळका माठ आधी बुजवायचा, मग पाणी कुठून आणायचं ते ठरवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंपन्या सांगतात, ‘आम्ही दर टनामागे कार्बन ३० टक्के कमी केला.’ अभिनंदन! पण तेवढ्यात प्रॉडक्शन दुप्पट झालं असेल तर? एकूण कार्बन १.४ पट झाला. सरकारचा हिशोबही असाच प्रमाणात चालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद उद्योगांना जी टार्गेट्स दिली, ती दर टनामागचीच आहेत. वाढत्या देशाला असं प्रमाण धरावं लागतं हे मला मान्य आहे. पण हवेला दर टन कळत नाही, तिला फक्त बेरीज कळते. आणि कुरकुंभसारख्या वसाहतीतले बहुतेक मध्यम कारखाने या यादीत नाहीतच. त्यांना कोण विचारणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक केमिकल कंपनीच्या गेटवर सेफ्टीचा बोर्ड असतो, इतके दिवस अपघात नाही म्हणून. त्याच्या शेजारी दुसरा बोर्ड लावा. त्यावर दोन आकडे : या वर्षी दर टनामागे किती कार्बन, आणि एकूण किती. गावातल्या माणसालाही वाचता येईल असा, मराठीत. दोन्ही आकडे खाली आले तरच ‘सस्टेनेबल ग्रोथ’ म्हणा.

आणि सर-मॅडम, एक विनंती तुम्हालाही. फायनल इयरचे प्रोजेक्ट सीनियर्सच्या रिपोर्टमधून उतरवण्यापेक्षा आम्हाला दोन महिने एखाद्या बॉयलर हाऊसमध्ये पाठवा. स्टीम ट्रॅप मोजू, कंडेन्सेटचं तापमान घेऊ, घामाने भिजू. कंपनीचा कोळसा वाचेल, आणि इंटरव्ह्यूला ‘प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस?’ असं विचारलं तर सांगायला काहीतरी खरं असेल.

झाडं जरूर लावा. पण बंब आधी बॉयलरकडे न्या!