चिनारची दिवाळी



सहामाही परीक्षा संपत आली, की तुमच्या डोक्यात एकच विषय असतो. सुट्टीत कुठे जायचं? कोणी मामाच्या गावाला जातं, कोणी कोकणात, कोणी किल्ले बघायला. आणि काही घरांमध्ये कपाटाच्या तळाशी ठेवलेले स्वेटर बाहेर निघतात, कारण त्यांचा बेत असतो काश्मीरचा! मग कोणीतरी मोठं माणूस म्हणतंच, "आत्ता कशाला काश्मीर? धड बर्फ नाही, धड फुलं नाहीत." पण ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिथे जे बघायला मिळतं, ते उन्हाळ्यात मिळत नाही आणि हिवाळ्यातही नाही. त्या दिवसांत तिथे पानांची दिवाळी असते. आणि तिचा मुख्य मानकरी म्हणजे चिनार.

चिनारचं पान पाहिलंय का? नसेल तर एक गंमत करा. बोटं फाकवून हाताचा पंजा कागदावर ठेवा आणि भोवतीने पेन्सिल फिरवा. बोटांच्या कडा जरा दातेरी करा. झालं चिनारचं पान! झाड मात्र भलंमोठं. जुन्या चिनारच्या खोडाला कवेत घ्यायला चार-पाच मुलांना हात धरून उभं राहावं लागतं. बडगाम जिल्ह्यात छत्तरगामला एक चिनार आहे. तो १३७४ साली लावला, असं मानतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अडीचशे वर्षं आधी! अलीकडे तिथल्या वनसंशोधन संस्थेने हजारो चिनारांची गणती करून प्रत्येकाला आधार कार्डासारखा क्रमांक द्यायला घेतला आहे. खोडावरच्या पाटीचा क्यूआर कोड मोबाइलने टिपला, की त्या झाडाची उंची आणि घेर कळतो.

मीही एका दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेले होते. जहांगीर बादशहाने १६१९ साली वसवलेली शालिमार बाग पाहिली, दल सरोवराकाठची निशात बाग पाहिली. पण मला सर्वांत आवडली ती नसीम बाग. ही बाग आता काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. सकाळी कोवळी उन्हं आली, की चिनारखाली जाऊन उभं राहायचं आणि मान वर करायची. पानांतून ऊन गाळून खाली येतं. एक फांदी पिवळी, दुसरी केशरी, तिसरी विटकरी. पायाखाली पानांचा एवढा थर, की चालताना चुर्र चुर्र आवाज होतो. कॅमेरा बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं नुसता तो आवाज ऐका.

तिथून जवळच पांपोरला जायला विसरू नका. याच दिवसांत तिथल्या शेतांत केशराची जांभळी फुलं उमलतात. एका फुलात लाल काड्या किती? फक्त तीन! आईने दुधात केशर टाकताना हात का आखडता घेतला, ते मग कळतं. आणि गुलमर्गला गेलात, तर तिथली बरीचशी झाडं हिरवीगारच दिसतील. ती सूचिपर्णी झाडं. त्यांची पानं सुईसारखी असतात आणि ती थंडीतही टिकतात. आणखी एक बघा हं. उंचावर थंडी आधी पोचते, त्यामुळे रंगही डोंगरावर आधी चढतो आणि मग हळूहळू खाली उतरतो.

परत आल्यावर वर्गात मी फोटो दाखवले. सगळी मुलं "वा, वा!" करत होती. एक मुलगा मात्र गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, या झाडांना रोग पडलाय का?" वर्ग हसला. तो म्हणाला, "आमच्या कपाशीची पानं अशीच लाल झाली, की बाबा म्हणतात लाल्या आला. मग घरात कोणी नीट बोलत नाही."

मुलांनो, त्या प्रश्नाला हसण्यासारखं काही नव्हतं. लाल्याने कपाशीची पानं लाल पडतात, बोंडं नीट भरत नाहीत आणि वर्षाची कमाई जाते. मग कपाशीचं लाल पान आणि डोंगरातलं लाल पान यांत फरक काय? ऐका.

पानात हिरवं रंगद्रव्य असतं, ते म्हणजे हरितद्रव्य. ते उन्हाच्या मदतीने झाडासाठी अन्न तयार करतं. पिवळं रंगद्रव्यही पानात आधीपासूनच असतं, पण हिरव्याखाली झाकलेलं. दिवस लहान झाले, थंडी वाढली, की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. हिरवा पडदा सरकतो आणि पिवळा दिसू लागतो. काही झाडांच्या पानांत या वेळी लाल रंगद्रव्य नव्याने तयार होतं. त्याचं नाव अँथोसायनिन. कपाशीच्या पानांतला लाल रंगही तोच! पण कपाशीचं पान लाल होतं, ते अन्नद्रव्यं कमी पडली किंवा पाण्याचा ताण बसला म्हणून, ऐन बोंडं भरायच्या वेळी. चिनारचं काम मात्र आटोपलेलं असतं. गावाला जाण्याआधी आई कशी डब्यांतलं सामान नीट लावते, दूध संपवते, खिडक्या लावते, तसं हे झाड करतं. पानांतला नायट्रोजन आणि इतर कामाच्या वस्तू ते फांद्यांमध्ये परत ओढून घेतं, देठाशी बुचासारखा थर तयार करतं आणि मग पान सोडून देतं.

हे सगळं वेळेत व्हावं लागतं बरं का. जमीन गोठली, की मुळांना पाणी ओढता येत नाही. शिवाय रुंद पानांवर बर्फ साचला, तर फांद्या मोडतात. २०१८ आणि २०१९ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच काश्मीरमध्ये मोठी बर्फवृष्टी झाली. सफरचंदाच्या झाडांवर अजून पानं होती. त्या वजनाने फांद्या तुटल्या, कुठे कुठे अख्खी झाडं मधोमध चिरली. फळझाड मोठं व्हायला कितीतरी वर्षं लागतात. त्या घरांमध्येही तेव्हा कोणी नीट बोललं नसेल.

मग आपल्याकडे दिवाळीत पानगळ का नाही? आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पावसाचं पाणी अजून जमिनीत असतं, झाडं हिरवी असतात. आपली पानगळ शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. तिथे पाणी गोठतं म्हणून झाड पान सोडतं, इथे पाणी आटतं म्हणून. हिशेब एकच, पाणी वाचवा! आपल्याकडे मात्र लालचुटूक पानं बऱ्याचदा नवी असतात. फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला येणारी पालवी बघा, किंवा आंब्याची तांबूस कोवळी पानं. तिथे लाल रंग निरोपाचा, इथे बारशाचा!

गळलेल्या पानांचं पुढे काय होतं? नसीम बागेत मी बायका पानं झाडून ढीग करताना पाहिल्या. ती पानं पेटवून, वर पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात आणि पोती भरून ठेवतात. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे. तेव्हा हा कोळसा कांगडीत घालतात. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेली मातीची शेगडी. अंगातल्या फेरनच्या आत ती धरून माणसं ऊब घेतात. पण या जाळण्याचा धूरही होतो. चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे तो लवकर बाहेर जात नाही आणि लोकांना खोकला होतो. म्हणून आता तिथे पानं जाळायला मनाई करतात. ऊब तर हवी, धूर तर नको. तुम्हीच सांगा पाहू, काय करावं?

आपल्याला तर कांगडी लागत नाही. तरी शाळेच्या मागे, सोसायटीच्या कोपऱ्यात पाल्याचे ढीग पेटतातच ना? तर सुट्टीनंतरचं काम ऐका. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असेल, तर गळण्याआधी त्याची पानं कशी लाल होतात, ते बघा आणि रोज एका पानाचा रंग वहीत उतरवा. आणि गळलेला पाला पेटवू न देता एका खड्ड्यात टाका. अधूनमधून पाणी शिंपडा, थोडी माती टाका. काही महिन्यांनी त्याचं काळंभोर खत होईल. ते कुठल्या झाडाला घालायचं, हे वर्गाने मिळून ठरवा आणि मला पत्राने नक्की कळवा हं!