किल्ली कुणाच्या हाती?

७ सप्टेंबर २०१९ला शेंद्र्यात बचतगटांच्या बायकांचा राज्यस्तरीय मेळावा झाला. भाषणं झाली, फोटो छापून आले. पण बायकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत कुठे वाचायचं?

आज गट फेसबुकवर लिहितात. ती परक्याची ओसरी. ऑर्कुट २०१४मध्ये मालकाच्या मर्जीने बंद झालंच ना! म्हणून गटाची स्वतःची वेबसाइट हवी. २००३ साली आलेलं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे, मराठीतही चालतं. उद्या सर्व्हर बदलला तरी सगळा मजकूर सोबत नेता येतो. वर्षाकाठी पैसे लागतात ते वेबसाइटच्या नावाचे आणि सर्व्हरवरच्या जागेचे. जागा देणाऱ्या बऱ्याच कंपन्या वर्डप्रेस बसवायची सोयही देतात.

मैत्रिणींनो, खरा प्रश्न पुढेच आहे. हे काम कुणाच्या तरी भाच्याकडे जातं. नोंदणी त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे! सातबाऱ्यावर बाईचं नाव हवं, असं आपण इतकी वर्षं म्हणतोय. मग इथे गप्प का? नोंदणी गटाच्या नावे करा, पासवर्ड दोघीतिघींकडे ठेवा, मजकुराची प्रत दरमहा उतरवून घ्या. भाच्याकडून शिका जरूर; किल्ली मात्र आपल्याच कनवटीला हवी.